कोऱ्या चहाचा जमाखर्च

तहसील कचेरीत बसून तीस वर्षे परक्यांच्या अर्जांवर शेरे मारीत आलेल्या माझ्यासारख्या कारकुनाच्या स्वतःच्या रक्तावर जेव्हा 'उपाशीपोटी १६८' असा शेरा पडला, तेव्हा तो मुकाट्याने मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता चहाबंदीचा हुकूम सुटणार या धास्तीनेच मी दवाखान्याची पायरी चढलो. डॉक्टरीणबाई गोळ्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "काका, चहा घ्या की! साखर तेवढी बंद करा, आणि जमलं तर दूधही."

कोऱ्या चहाचा पहिला घोट हिरड्या आवळणारा, निखळ कषाय असा होता. आठवडाभर तर माझा हात सवयीने त्या बिनसाखरेच्या पेल्यात चमचा फिरवीत राही, आणि सौभाग्यवती पदराआड हसत.

शेजारचे निवृत्त मास्तर हिरव्या चहाचे कट्टर वकील. १९२९ साली मिचियो त्सुजिमुरा या जपानी विदुषीने त्यातून कॅटेचिन वेगळे काढले, ही तुरट द्रव्ये पिष्ट पचविणाऱ्या पाचकरसांना आवर घालतात आणि म्हणून साखर रक्तात सावकाश उतरते, असे त्यांचे प्रतिपादन असे. दुधातली प्रथिने मात्र या द्रव्यांना बिलगून बसतात, हे त्यावरचे त्यांचे पुरवणी कलम. परीक्षानळीपुरते हे सारे खरे आहे; परंतु माणसांवरील प्रयोगांचा कौल अद्याप एकमुखी नाही, आणि नळीतल्या साक्षीवर निकाल देणे माझ्या कचेरीतल्या वळणाला रुचत नाही.

म्हणून मी जुना जमाखर्च मांडला. दिवसाचे आठ पेले, दर पेल्यास दोन चमचे, चमचा सुमारे ५ ग्रॅमचा. म्हणजे रोजची ८० ग्रॅम, महिन्याची जवळजवळ अडीच किलो साखर मी एकटा चहाच्या नावाखाली पोटात घालीत होतो! सौभाग्यवतींनी वाण्याच्या यादीतल्या पाच किलोंवर काट मारली आणि अडीच लिहिले.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारा तपासणीचा आकडा ८.१ वरून ६.९ वर आला. आता हे श्रेय कोणाच्या खाती जमा करावे? गोळ्या चालू होत्याच, संध्याकाळचे चालणेही होते. माझे मत साखरेच्या वजाबाकीकडे झुकते. मास्तर अर्थात कॅटेचिनचे नाव घेऊन रोज तगादा लावतात, आणि तो लावताना आमच्या ओट्यावर बसून दुधाळ चहा बशीत ओतून भुरकत म्हणतात, "वहिनी, आज साखर जरा कमी पडली का हो?"