दोन पट्टे

परवा एका पालकांचा फोन आला. मोहोळकडचे शेतकरी. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "सर, पोरगी दोन महिनं झालं तुमच्याकडं हाय. गावात लोक इचारत्यात काय शिकतीया. ती म्हणती, अजून काही आलं नाही. म्हंजे नापास का काय?"

मी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकवतो. दर उन्हाळ्यात आसपासच्या कॉलेजांतली बी.एस्सी.ची दोन-तीन पोरं माझ्या लॅबमध्ये आरएनएवर काम करायला येतात. त्या बाबांना फोनवर नीट सांगता आलं नाही, ते इथं लिहितो. कारण प्रश्न एका पोरीचा नाही.

तिनं विषय स्वतः निवडला होता. मालदांडी ज्वारी. पाणी तोडल्यावर पानातली कुठली जनुकं कामाला लागतात? त्यासाठी आधी पानातला आरएनए अखंड बाहेर काढावा लागतो. तिथंच सगळं अडतं.

डीएनए म्हणजे घरातला मूळ सातबारा समजा, आरएनए म्हणजे कामापुरती काढलेली झेरॉक्स. काम झालं की फाडून टाकायची. ती फाडायची सोय निसर्गानं सगळीकडे करून ठेवली आहे. आरएनेज नावाची विकरं आपल्या कातडीवर असतात, घामात असतात, धुळीतही असतात. त्यातलं एक तर उकळलं तरी थंड झाल्यावर पुन्हा कामाला लागतं. उघड्या हातानं एक ट्यूब उचलली की दिवसभराची मेहनत गेली.

आरएनए चांगला असेल तर जेलवर दोन ठसठशीत पट्टे दिसतात. तुटला असेल तर नुसता फराटा, पुसलेल्या रांगोळीसारखा. तिला सहा आठवडे फराटाच दिसला. द्रव नायट्रोजन ओतून खलबत्त्यात पानं कुटायची, दिवसभर राबायचं, संध्याकाळी जेल बघायचं. फराटा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यात एका रात्री वीज गेली, उणे ८० चा फ्रीजर जनरेटरवर नव्हता, आणि जपून ठेवलेली पानंही गेली.

आता माझी चूक सांगतो. कॉलेजला रिपोर्ट द्यायची तारीख जवळ आली होती. मी तिला म्हणालो, "गेल्या वर्षीच्या मुलाचा एक चांगला जेलचा फोटो आहे, तो लाव. बघतंय कोण?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, मग ही वही मी कशाला लिहिली?"

वीस वर्षं शिकवतोय. इतकी लाज क्वचित वाटली असेल.

पुढचा आठवडा तिनं पानांना हातच लावला नाही. दुसऱ्या मुलाकडचा चांगला आरएनए थोडाथोडा घेतला, आमची एकेक बाटली, एकेक द्रावण त्यात वेगवेगळं मिसळलं, तासभर ठेवलं आणि सगळं शेजारीशेजारी जेलवर चालवलं. एका बाटलीतल्या पाण्यानं आरएनए खाल्ला होता. कुणीतरी ती हातमोजे न घालता उघडली असणार. तीच बाटली माझे पीएचडीचे विद्यार्थीही वापरत होते! शेवटच्या आठवड्यात तिला दोन पट्टे दिसले. फिकट, पण दोन.

तिनं रिपोर्टात सगळं खरं लिहिलं. परीक्षकांनी शेरा मारला, "मूळ उद्दिष्ट साध्य झाले नाही", आणि मार्क कापले. फोटो उसना लावला असता तर पूर्ण मिळाले असते.

कॅटलिन कॅरिको यांचं नाव कोविडनंतर सगळ्यांना माहीत झालं. एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या संशोधनासाठी २०२३ चं नोबेल त्यांना ड्रू वाइसमन यांच्यासोबत मिळालं. पण १९९५ मध्ये त्यांच्याच विद्यापीठानं त्यांना खालच्या पदावर टाकलं होतं. कारण काय, तर संशोधनाला निधी मिळत नव्हता. आपल्या पुण्यातल्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. अशा ठिकाणी उद्या माणसं लागणार आहेत. त्यांना पट्टे कसे दिसतात हे माहीत असून भागणार नाही. फराटा का आला हे शोधता आलं पाहिजे.

नव्या धोरणात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची सोय आहे, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर. चांगली गोष्ट आहे. पण संशोधनाचे मार्क निकालाला देणार की वहीला? निकालालाच दिले तर पोरं तिसऱ्या महिन्यात उसने फोटो लावायला शिकतील, आणि ते शिकवणारे आम्हीच असू.

मागण्या मोठ्या नाहीत. फसलेला प्रयोग नीट लिहिला तर त्याला मार्क द्या. फ्रीजर जनरेटरवर घ्या. खेड्यातून येणाऱ्या पोरांना सुट्टीत होस्टेल उघडं ठेवा. ही पोरगी दोन महिने नातेवाइकांकडे राहून, दोन बस बदलून येत होती.

काल त्या बाबांना मी उलटा फोन केला. म्हटलं, "दादा, नापास नाही झाली. आमच्या लॅबमधला बिघाड तिनं शोधून काढला. आम्हाला कुणालाच सापडला नव्हता."

थोडं थांबून ते म्हणाले, "म्हंजे मोटार जळली तर आधी वायर तपासायची, तसंच की."

तसंच, दादा. अगदी तसंच.