बोटभर जागा

बूट विकणाऱ्याचे एक ठरलेले वाक्य असते : "साहेब, अगदी मापात बसलाय!" आपणही खूश होऊन पैसे मोजतो. शहरातल्या सपाट रस्त्यावर ही खुशी टिकतेही. पण उत्तराखंडातले केदारकंठा हे सुमारे १२,५०० फुटांचे शिखर ज्यांना ऐन डिसेंबरात बर्फ तुडवीत चढायचे आहे, त्यांनी या "अगदी मापातल्या" बुटापासून चार हात दूरच राहावे.

मौज अशी की, बर्फात पायाला ऊब देते ती नुसती लोकर नव्हे. लोकरीत कोंडलेली हवा. जाड मोज्यावर घट्ट बूट चढवला, की ही हवा चेपून निघून जाते आणि बोटांकडे जाणारे रक्तही अडते. बोटे आधी दुखतात, मग बधिर होतात. दुखणे थांबले म्हणून माणूस हायसे म्हणतो, आणि खरे भय तिथूनच सुरू होते. १९५० साली अन्नपूर्णा सर करणारा मॉरिस हर्झोग परतला तो हिमदंशाने पायांची सगळी बोटे गमावून.

म्हणून बूट घ्यायला संध्याकाळी जावे. दिवसभराच्या वावराने तेव्हा पाय किंचित फुगलेला असतो. डोंगरात घालायचे लोकरी मोजे बरोबर न्यावेत. सुती मोजे घरीच बरे. ते एकदा भिजले की वाळायचे नाव घेत नाहीत. बूट घोटा झाकणारा, पाणी आत न घेणारा, खोल खाचांच्या रबरी तळाचा हवा. नाडी बांधण्यापूर्वी पाय पुढे सरकवून टाचेमागे बोट घालून पाहावे. ते सहज गेले पाहिजे. मात्र मोकळा म्हणजे ढगळ नव्हे. नाडी आवळून दुकानाच्या चार पायऱ्या उतराव्यात : टाच जागची हलू नये, बोटे पुढे आपटू नयेत. एवढे झाल्यावरही बूट थेट हिमालयात नेऊ नये. महिनाभर मंडईत घालून जावे. भाजीवाली हसेल. हसू द्यावे.

दिवाळीला आमचे कपडे "वाढत्या अंगाचे" शिवून घेणाऱ्या आईने बर्फ कधी पाहिला नव्हता. पण हा बूट निवडायला तिला नेले असते, तर तिने बहुधा बरोबरच निवडला असता.