रोह्याची भाची, पेणची मुलाखत

रोहे म्हटले की मला कुंडलिकेचा काठ, धावीर महाराजांचे देऊळ आणि मावसबहिणीच्या हातची गरम घावने आठवतात. यंदा श्रावणात चार दिवस विसाव्याला म्हणून गेलो, तो घरात परीक्षेचे वातावरण! दुसऱ्या दिवशी भाचीची पेणला मुलाखत होती. तांदळापासून टॉवेलपर्यंत सारे एका छपराखाली मिळणाऱ्या एका मोठ्या दुकानात विक्रीच्या जागा निघाल्या होत्या.

“दुकानात उभं राहायला मुलाखत कसली?” मेहुणे म्हणाले. ते नुकतेच निवृत्त झालेले. धाकट्याची फी अजून भरायची होती.

“चिंतामणराव देशमुख याच रोह्याचे,” मी धीर दिला. “१९१८ साली आय.सी.एस.ला पहिले आले. तुला एक दुकान जड नाही.”

बहिणीला मात्र वेगळाच घोर होता. पोरीने आधी एका कापडाच्या दुकानात काम केले होते. दिवसभर उभे राहून पाय सुजू लागले, तेव्हा बसायला स्टूल मागितले आणि त्यावरून बोलाचाली होऊन ती घरी बसली. “तिथे जाऊन उद्या काही विचारू नकोस हं. विचारतील त्याला ‘हो’ म्हण,” बहिणीने बजावले. भाची काहीच बोलली नाही.

सकाळची गाडी धरून आम्ही निघालो. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली. कोकण रेल्वेची सुरुवातही येथूनच होते. आमचा रस्ता मात्र उलटा, मुंबईकडचा. निडी, नागोठणे, कासू अशी स्टेशने मागे पडत होती. दोन्ही बाजूंना भाताची हिरवीगार खाचरे, आणि डब्यात पाट्या घेऊन बसलेल्या बायका. गाड्या मोजक्या, त्यामुळे एक चुकली की दिवस गेला, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक.

पेणला वेळेआधीच पोहोचलो म्हणून एका गणपतीच्या कारखान्यात डोकावलो. श्रावणातले पेण म्हणजे रंगाचा वास आणि ओळीने मांडलेल्या मूर्ती! कुणाचा पितांबर व्हायचा, कुणाचे डोळे उघडायचे. मुंबईचे एक गृहस्थ “चांगला मोठा दाखवा” म्हणून हटून बसले होते. वृद्ध मूर्तिकाराने हातातला ब्रश खाली न ठेवताच विचारले, “मखर किती उंच आहे तुमचं?” गृहस्थ गडबडले. घरी फोन झाला आणि शेवटी हातभर उंचीची मूर्ती ठरली. मोठीचे पैसे बुडाले. पण हे गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही इथेच येणार. भाची टक लावून पाहत होती.

मुलाखतीला पंधरा-वीस मुलेमुली होती. मी समोरच्या हॉटेलात चहा घेत बसलो. तासाभराने भाची बाहेर आली, ती हसावे की रडावे अशा चेहऱ्याने.

“साहेबांनी पेन पुढे केलं. म्हणाले, हे मला विकून दाखवा.”

“पेणमध्ये पेन! मग?”

“आधीच्या मुलीने शाईपासून टोपणापर्यंत सारी स्तुती केली म्हणे. मला तो म्हातारा आठवला. मी विचारलं, साहेब, दिवसभरात तुम्ही काय काय लिहिता? म्हणाले, लिहितो कुठे? नुसत्या सह्या करतो. मग मी म्हटलं, सह्यांना हे बारीक टोकाचं नको, जाड टोकाचं दाखवते.”

“शाबास! मग तोंड का उतरलंय?”

“मामा, त्यांनी विचारलं, दिवसभर उभं राहायला जमेल ना? मी म्हटलं, जमेल. पण गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायला स्टूल मिळेल का? आणि सुटायची वेळ कोणती? मला रोह्याची गाडी गाठावी लागेल. सगळे गप्पच झाले. मग म्हणाले, कळवू.”

हा ‘कळवू’ शब्द आपल्या साऱ्यांच्या ओळखीचा! परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मी तिला सांगितले की हे स्टूल काही तुझ्या एकटीचे नव्हे. इंग्लंडात १८९९ साली कायदाच झाला की दुकानात काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांमागे निदान एक आसन हवे. आपल्याकडे केरळातल्या दुकानांतल्या बायका त्यासाठी झगडल्या आणि २०१८ साली तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. २०२१ साली तमिळनाडूत. मूर्तिकार गिऱ्हाइकाला मखराची उंची विचारतो, तशी नोकरी धरणाऱ्यानेही कामाची उंची-रुंदी विचारावी. त्यात उद्धटपणा कसला?

“हे आईला सांगाल?” तिने विचारले. रात्री मी सांगितले. बहीण म्हणाली, “कायदे तिकडचे, फी इकडची.” त्यावर मला उत्तर सुचले नाही. मी मुंबईला परतलो, पण मनातून ते जाईना. मी दिलेल्या धीराची किंमत त्या घराला मोजावी लागणार होती.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात भाचीचा फोन आला.

“मामा, लागली नोकरी! सकाळची पाळी दिलीय, संध्याकाळची गाडी सहज मिळते.”

“आणि स्टूल?”

“आलंय. तिघींत मिळून एक!”

म्हणजे १८९९ सालापर्यंत आपण येऊन पोहोचलो म्हणायचे! मी तिला मनापासून आशीर्वाद दिला आणि उरलेल्या दोन स्टुलांची आठवण ठेवायला सांगितले.