पियरी आलेली लेक

कतारगामला आमच्या शेजारी राहणारे हिऱ्यांचे कारागीर बहुतेक सौराष्ट्रातले. त्यांच्या वेरावळच्या किनाऱ्यावर पूर्वी व्हेल शार्क या महाकाय माशाची शिकार होई. यकृताचे तेल होड्यांना लावीत. मांस नि पर परदेशी जात. २००१ साली कायद्याने शिकार बंद झाली. पण खारवा मच्छीमारांच्या मनाला भिडला तो २००४ मधला मोरारीबापूंचा शब्द: ही तर 'व्हाली', बाळंतपणाला पियरी आलेली लेक! त्यांचे पियर, आपले माहेर, जिव्हाळा एकच. पुढे त्यांनी स्वतःची महागडी जाळी कापून तिला सोडले. २०१५ मध्ये सर्वच शार्कांच्या परांची निर्यात थांबली. तरी मासळीबाजारात मुशीची पिल्ले दिसली, की वाटते, हिलाही कुणीतरी लेक म्हणायला हवे.