जुनाच बरा

निपाणी शाखेतून निवृत्त झालो तेव्हा स्वतःसाठी एकच चैन केली : सेनहायझर एचडी ६०० हेडफोन. ३०० ओहमचा, म्हणून सोबत छोटा अँप्लिफायरही घेतला. आता गाद्या झिजल्या. "बाबा, बंद कपांचा नवा घ्या," म्हणत चिरंजीवांनी पाठवूनही दिला. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमारजींचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू आला. खूश झालो.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता सौ. म्हणाली, "अहो, हल्ली गाणं लावत नाही काय?"

जुन्याचे कप उघडे, जाळीचे. सूर बाहेर झिरपतात. इतकी वर्षं तीही शेजारी बसून ऐकत होती, आणि मला पत्ताच नाही!

नवा परत पाठवला. जुन्याला फक्त नव्या गाद्या बसवल्या.