घरातील पानांना पाऊस कोण देणार?

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत धुळीचेही एक पंचांग आहे. मृगाच्या सरी लागल्या की नाणेघाट, माळशेज आणि भीमाशंकरकडून येणारे ढग साऱ्या झाडांना न्हाऊ घालतात. पूर्वेकडे आळेफाटा, बेल्हे या बाजूस पाऊस उणा असतो. तथापि वर्षभराची धूळ उतरण्याइतका तो तिथेही पडतो. दिवाळी उलटली की चित्र पालटते. पुणे–नाशिक महामार्गावरील अवजड वाहने, कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या गाड्या, गावोगावचे कच्चे रस्ते यांमुळे रस्त्याकडेची चिंच आणि कडुनिंब मातकट रंग धारण करतात. त्यांना पुढील मृगाची वाट पाहता येते. घरात आणलेल्या झाडाला मात्र तीही सोय नाही. त्याच्या डोक्यावर छप्पर आले, त्याच दिवशी त्याचा पावसाळा संपला.

मंचर, घोडेगाव, नारायणगाव येथील बाजारपेठांत पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड अशी घरे अद्याप पुष्कळ आहेत. धान्याची भुशी, कांद्याच्या साली आणि रस्त्याची माती दुपारपर्यंत माजघरात पोचते. फरशी दोन वेळा पुसली जाते, काचेच्या कपाटावरून फडके फिरते; पण कोपऱ्यातील रबराचे झाड वा मनीप्लांट सहसा विसरले जाते. पाणी घातले म्हणजे कर्तव्य संपले, अशी समजूत असते. पुढे पाने पिवळी पडतात आणि दोष खताला दिला जातो.

वस्तुतः झाड मुळाने पाणी घेते. अन्न शिजवते ते पानात, आणि त्या चुलीचे सरपण म्हणजे प्रकाश. घरात येणारा प्रकाश बाहेरच्या उन्हाच्या मानाने अगोदरच फार थोडा असतो. त्यात पानावर धुळीचा थर बसला की त्या थोड्यातूनही वजाबाकी होते. रुंद पानांच्या बहुतेक झाडांत हवेची देवघेव करणारी पर्णरंध्रे खालच्या बाजूस अधिक असतात. म्हणून पान केवळ वरून पुसून भागत नाही; ते उलटून पाहावे लागते.

उलटून पाहण्याचे दुसरेही कारण आहे आणि ते या भागातील द्राक्षबागायतदारांना चांगले ठाऊक आहे. कच्च्या रस्त्यालगतच्या ओळींत लाल कोळी लवकर वाढतो. कोरडी, धुळकट हवा त्याला मानवते आणि त्याला खाणाऱ्या मित्रकीटकांना तीच धूळ अडचणीची होते. घरातील झाडांचेही असेच आहे. पानामागे बारीक जाळी दिसू लागली, देठाशी पिठ्या ढेकणाचा कापसासारखा पुंजका बसला, की घरात औषध फवारण्याची वेळ येते. ज्या खोलीत मुले रांगतात, तिथे विष फवारावे लागणे आणि त्या निमित्ताने असंख्य जीवांचा नाश होणे, हे कोणत्याही गृहस्थाला रुचणारे नाही. आठवड्यातून एकदा फिरवलेले ओले फडके ही वेळ बहुधा येऊ देत नाही.

महामार्गालगतच्या एका घरात श्वासाचा विकार असलेल्या आजोबांची खाट खिडकीपाशी होती. हवा शुद्ध राहावी म्हणून नातवाने तिथेच स्नेक प्लांट आणून ठेवला. सूनबाई दर रविवारी त्याची पाने पुसत. एकदा त्यांनी दोन फडकी सासूबाईंपुढे धरली. एक खिडकीतल्या झाडाचे, दुसरे आतल्या खोलीतल्या झाडाचे. “आई, हे काळे फडके खिडकीतले. आठ दिवसांत पानांवर एवढे बसते, तर बाबांच्या छातीत किती जात असेल?” त्या दिवशी खाट आतल्या खोलीत गेली आणि वाहनांच्या गर्दीच्या वेळी ती खिडकी बंद राहू लागली.

झाडे घरातील हवा शुद्ध करतात, हा समज 1989 मध्ये नासाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनंतर जगभर पसरला. ते प्रयोग बंदिस्त पेट्यांत झाले होते. उघड्या दारा-खिडक्यांतून जेवढी हवा पालटते, तेवढे काम चार कुंड्यांच्या हातून होत नाही, असे पुढील अभ्यासकांनी दाखवले आहे. झाड हवेचा वैद्य नसले, तरी साक्षीदार मात्र खरा आहे. त्याच्या पानावर जे साचते, तेच घरातील माणसांच्या वाट्याला येते.

पाने पुसण्यास फार पाणी लागत नाही, आणि उन्हाळ्यात ते येथे सर्वांना मुबलक असतेही असे नाही. तांब्याभर पाणी व जुन्या धोतराचे मऊ फडके पुरते. धूळ जाड असेल तर आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, नाहीतर तिचा चिखल होतो. मग पानाखाली तळहाताचा आधार देऊन देठाकडून टोकाकडे हलके पुसावे व फडके वरचेवर धुवावे. रोगट झाड शेवटी घ्यावे. लव असलेल्या पानांना ओले फडके लावू नये, कोरडा ब्रश पुरे. तुळशीसारख्या बारीक पानांवर सकाळी पाणी शिंपडावे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. ज्या घरी पिण्याचे पाणी उकळून गाळण्याचा परिपाठ आहे, तेथील उरलेले, निवालेले पाणी या कामी उत्तम, कारण उकळताना बराचसा क्षार तळाशी बसतो.

खोबरेल तेल, दूध किंवा बाजारातील चकाकीचे द्रव टाळावेत. तेलकट पानावर धूळ अधिक चिकटते, दुधाला वास येतो आणि रंध्रेही बुजतात. निरोगी पानाची चकाकी त्याची स्वतःची असते, वरून लावावी लागत नाही.

कुंड्या उचलण्याजोग्या असतील, तर संथ पावसात तासभर त्या अंगणात ठेवाव्यात. उरलेल्या आठ महिन्यांचा पाऊस मात्र घरच्यांनीच द्यायचा आहे. त्यासाठी आठवड्यातली पंधरा मिनिटे पुरतात.