छावणीतले मौन

आपल्या बेने इस्रायल घराण्यांना पलटणीचे मोठे अप्रूप. मुंबई इलाख्याच्या देशी पलटणींत सुभेदार-मेजर झालेल्या पूर्वजांच्या कथा आपण ऐकत आलो. येथे नातवंडे अठराव्या वर्षी गणवेश चढवितात तेव्हा तोच अभिमान पुन्हा जागा होतो. म्हणूनच ज्याविषयी आपल्याकडे नुसती कुजबुज चालते, त्या सैन्यातील समलिंगी मुलांविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

१९८३ च्या लष्करी आदेशानुसार अशा सैनिकाला केवळ त्या कारणावरून काढता येत नसे. गुप्त कामाची दारे मात्र त्याला बंद होती. तेल अवीव विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक उझी एवेन यांना ह्याचाच फटका बसला. सैन्यासाठी अनेक वर्षे गुप्त संशोधन करणाऱ्या ह्या गृहस्थांची परवानगी काढून घेण्यात आली. कारण काय, तर शत्रू अशा माणसाला गुपित फोडण्याची धमकी देईल! जो काही लपवीतच नाही त्याला धमकी कशाची देणार, हे माझ्या सहावीतल्या मुलांनाही कळते. फेब्रुवारी १९९३ मध्ये एवेन यांनी ही हकीकत क्नेसेटमध्ये जाहीरपणे सांगितली आणि जून महिन्यात नियम बदलला. अमेरिकेने त्याच वर्षी काढलेला ‘विचारू नका, सांगू नका’ हा तोडगा २०११ पर्यंत टिकला.

नियम बदलला म्हणून बराकीतली थट्टा थांबते असे नव्हे. माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाची आई त्याच्या भरतीआधी मजकडे आली होती. “बाई, तिथे गप्प राहा असे त्याला सांगू का?” मी म्हटले, “तिथले त्याचे त्याला ठरवू द्या. घरी मात्र त्याला गप्प राहावे लागू नये.” ती बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “आणि मशिदीत लोक काय म्हणतील?”

प्रश्न खोटा नव्हता. वायिक्रातील वचन मी पुसू शकत नाही, व वडीलधाऱ्यांच्या श्रद्धेची टर उडविणे मला रुचत नाही. परंतु विवाहासाठी यहूदीपणाचा दाखला आपल्याच आईबापांकडे मागितला गेला होता. आपण सर्वार्थाने यहूदी आहोत हे १९६४ साली क्नेसेटला ठरावाने सांगावे लागले. त्या समाजाने दुसऱ्याच्या मुलाला उंबऱ्यावर अडविण्याआधी क्षणभर थबकावे, एवढेच मी त्या आईला सांगितले. तिचे समाधान झाले की नाही, कोण जाणे.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅप्टन सागी गोलान बएरी येथे धारातीर्थी पडले. ओमेर ओहाना यांच्याशी त्यांचा विवाह त्याच महिन्यात व्हायचा होता. शहीदांच्या कुटुंबांविषयीच्या कायद्यातील शब्द स्त्री-पुरुषांची जोडी गृहीत धरून लिहिलेले होते. नोव्हेंबरमध्ये क्नेसेटने ते बदलले. त्यासाठी शोकाच्या त्या पहिल्या महिन्यातच ओहाना यांना क्नेसेटच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.